युनिफॉर्मच्या काउंटरवरची काकी

गिऱ्हाईक "नको, नुसतं बघतेय" म्हणालं की काकी त्याचा हात धरायची आणि सरळ कापडावर ठेवायची. "घेऊ नको, बाय. पन हात तर लाव." टाय लावलेले बाप्येसुद्धा यातून सुटायचे नाहीत. एक गृहस्थ कानाला फोन लावून शाळेच्या चड्डीचं कापड चोळत बसले होते आणि पलीकडच्या माणसाला सांगत होते, "चांगलं आहे, चांगलं आहे."

तुम्ही वाशी-कोपरखैरण्यात लहानाचे मोठे झाला असाल तर तुम्ही तिला पाहिलेलं आहे. जूनमध्ये युनिफॉर्म, गणपतीत नवे कपडे, लग्नसराईत साड्या. त्या दुकानाच्या शाखा तेव्हा सगळ्या नवी मुंबईत होत्या. नाव कुणी घेत नसे, 'मोठं दुकान' म्हटलं की पुरायचं. आमच्या कोपरखैरण्याच्या शाखेत काकी युनिफॉर्मच्या काउंटरवर उभी असायची आणि मी मागे अल्टरेशनच्या मशीनवर. पोराला माझ्याकडे पाठवताना ती तिथूनच ओरडायची, "वाढतं अंग हाय, दुमड जास्त ठेव गं."

काकी इथल्या गावठाणातली. आज जिथे सेक्टर आहेत तिथे तिच्या सासऱ्याची भातशेती होती. जमीन गेली, पुढे नवरा गेला. मुलाने गावठाणातल्या घराच्या जागी चार मजली इमारत बांधली, भाडेकरू ठेवले. नोकरीवाचून तिचं काही अडत नव्हतं, हे सगळ्या दुकानाला ठाऊक होतं. मुलाला तर ते खटकायचंच. एकदा तो गाडी घेऊन तिला न्यायला आला आणि काउंटरपाशी हळूच म्हणाला, "आई, बिल्डिंगवाल्याची आई लोकांच्या चड्ड्या मापते. बरं दिसतं का?"

"तुजी पन मीच मापलीय," काकी म्हणाली.

आम्ही सगळे हसलो, तोही हसला. पण डबा खाताना ती मला म्हणाली, "घरी मी आदी सून व्हते, मंग बायको, आता आई हाय. सून म्हणते, बसा, बसा. दिवसभर बसून काय करू? इथं मना मीच म्हून वलखतान."

दुकान एका दिवसात बंद झालं नाही. आधी पनवेलची शाखा गेली, मग नेरुळची, मग वाशीची. शाळा पालकांना युनिफॉर्म मोबाइलवरून मागवायला सांगू लागल्या. बंद झालेल्या शाखेतला उरलेला माल आणि एखाददुसरा माणूस आमच्याकडे यायचा. काकी त्या माणसाला डबा ठेवायला फळी रिकामी करून द्यायची आणि म्हणायची, "घाबरू नको. आमचं नाय बंद होत. इथं गाव हाय पाठी."

त्या गावालाही तिने ओढून आणलं. भावकीत लग्न ठरलं तेव्हा सगळ्या बायकांना रिक्षांत कोंबून ती बस्त्याला घेऊन आली. नवरीला लेहंगा मोबाइलवरून मागवायचा होता. ती कोपऱ्यात तोंड फुगवून उभी राहिली, तिची आई काकीवर चिडली, तरी काकीने साड्यांचा ढीग खपवला. त्या लग्नात तिला कुणी धड बोलावलं नाही. हळदीला ती गेली आणि जेवल्याशिवाय परत आली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "रुसू दे. दुकान तर चाललं."

दुकान चाललं नाही. पावसाळा संपता संपता मॅनेजरने आम्हाला एकत्र बोलावून सांगितलं, दिवाळीनंतर आपलीही शाखा बंद. कुणी रडलं, कुणी लगेच फोन लावायला बाहेर गेलं. काकीने मला विचारलं, "मालकीन कुठं बसते?"

मालकीणबाई म्हणजे जुन्या शेठची मुलगी. तुर्भ्याच्या गोदामाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. काकी लग्नाला निघाल्यासारखी काठापदराची साडी नेसून आली होती. खाली गोदामात ट्रक लागले होते, रॅकचे लोखंडी पाय सुटे करून रचून ठेवले होते. काकीने तिकडे पाहिलंच नाही.

मालकीणबाईंनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. काकी चहाला शिवली नाही.

"तुमी भाडं झेपत नाय म्हून बंद करताव ना?" तिने विचारलं. "माज्या पोराच्या बिल्डिंगला खाली गाला हाय. चांगला मोठा, रस्त्यावर. तिथं दुकान मांडा. भाडं नको. मना पगार पन नको."

गाळ्याचं मला तोवर ती काही बोलली नव्हती. मी तिच्याकडे पाहत राहिले.

मालकीणबाईंनी चहाचा कप काकीकडे सरकवला. मग विचारलं, "काकी, मुलाशी बोललात?"

"त्याचे आज्याची जमीन हाय ती. बोलायचं काय त्यात?"

"प्रश्न नुसता भाड्याचा नाहीये. उधारीवर माल द्यायला आता कुणी तयार नाही." त्यांनी खिडकीतून खालच्या ट्रककडे पाहिलं. "बाबांचं दुकान मी मोडतेय, मला झोप लागते असं वाटतं का तुम्हाला?"

काकी उठली आणि पलीकडे जाऊन तिने त्या बाईचे दोन्ही हात धरले. "एक वरीस. फक्त एक वरीस बघ, बाय. मी घरोघर फिरते. मी आनते लोकांना." बाईंना हात सोडवून घेता येईना. शेवटी त्या म्हणाल्या, "गाळा खरंच मिळत असेल तर एक छोटं युनिफॉर्मचं दुकान... विचार करते मी." मला वाटतं, तिने हात सोडावेत म्हणूनच त्या तसं म्हणाल्या. पण काकीला तेवढं पुरलं. परतीच्या बसमध्ये ती मला काउंटर कुठे आणि माझं मशीन कुठे ते हाताने दाखवत होती.

मला ती ओढतच घरी घेऊन गेली. मुलगा जेवत होता. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

त्याने घास खाली ठेवला. "आई, गाळा दिला मी."

"कोनाला?"

"ऑनलाइनवाली कंपनी आहे. दहा मिनिटात घरी सामान पोचवतात ना, ते. अ‍ॅग्रीमेंट झालं मागच्या महिन्यात. अ‍ॅडव्हान्स घेतलाय."

"मना नाय इचारलंस?"

"तुला काय विचारायचं त्यात?" तो म्हणाला. रागाने नाही, अगदी साधेपणाने. वाईट मुलगा नव्हता तो. आईला गाळा कशाला हवा असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. काकी खाली बसली. सून पाणी घेऊन आली, तेही तिने घेतलं नाही. मी निघाले तेव्हा ती लादीकडे बघत होती आणि मुलगा तसाच उष्ट्या हाताने ताटावर बसून होता.

शेवटच्या सेलला लोटलेली गर्दी तुम्ही पाहिली असेल. कदाचित तुम्हीही त्यात होता. वर्षानुवर्षं न फिरकलेले लोक आले, पाटीखाली उभे राहून फोटो काढू लागले. सगळ्यांना आठवणी सांगायच्या होत्या. एक तरुण बाई काकीच्या गळ्यातच पडली. "काकी, माझा पहिलीचा युनिफॉर्म तुम्ही दिला होता. किती वाईट वाटतंय मला."

काकी तशीच उभी राहिली. "मंग पोरीचा कुठून घेतलास?"

बाईने गळ्यातले हात काढून घेतले. मग म्हणाली, "मोबाइलवरून."

"आता कशाला रडतेस मंग," काकी म्हणाली आणि पाठ फिरवून कापडाच्या गठ्ठ्याशी गेली. गिऱ्हाइकाला पाठ दाखवताना मी तिला फक्त तेव्हाच पाहिलं.

शेवटच्या दुपारी ती कुठे दिसेना. ट्रायल रूमची कडी आतून होती. मॅनेजरने दार ठोठावलं, वॉचमनने ठोठावलं. मी दाराला टेकून खाली बसले. "काकी, मी आहे. उघड." आतून नुसता श्वास ऐकू येत होता. बाहेर लोक रॅक उचलून नेत होते. मग ती म्हणाली, "आता मी कोन हाय, ते सांग. मंग उघडते." मी दारावर नुसता हात ठेवला. शेवटी तिची तीच बाहेर आली, चेहरा पुसून, कुणाशी न बोलता चालत गेली.

त्यानंतर मी जुईनगरला घरीच ब्लाउज शिवायला लागले. तिला भेटायला जायचे तेव्हा इमारतीखाली डिलिव्हरीवाल्यांच्या बाइक लागलेल्या असत, दार सतत उघड-मिट. वर काकी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. एकदा खाली जाऊन तिने त्या गाळ्यातल्या साहेबाकडे काम मागितलं होतं, असं सुनेने सांगितलं. त्याला वाटलं घरमालकीण मस्करी करतेय. मुलाने तिला हाताला धरून वर आणलं.

पुढे सून म्हणाली, "आता बरं आहे त्यांचं. रोज देवळात जातात, दुपारी येतात." मलाही बरं वाटलं.

मग एकदा अस्तराचं कापड आणायला वाशीला गेले होते, तेव्हा तिथल्या मॉलमधल्या मोठ्या कपड्यांच्या शोरूममध्ये शिरले. तिथे माल दाखवायला कुणी नसतं. लोक कपडे काढतात, बघतात, टाकून पुढे जातात. लहान मुलांच्या विभागात टाकलेल्या शर्टांच्या ढिगाशी काकी उभी होती. एकेक शर्ट उचलून, बाह्या मागे घेऊन, घडी घालून थप्पी लावत होती. शेजारून माणसं जात होती, कुणाचं लक्ष नव्हतं.

गार्ड मला म्हणाला, "आंटी रोज आती है. लेती कुछ नहीं."

मी जवळ गेले. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. दोन्ही हातांनी माझा दंड धरला. "घरी सांगू नको. पोराला सांगू नको गं. यो पन बंद करतील माजा."

"नाही सांगत, काकी."

"शपथ घे."

मी घेतली. तिने दंड सोडला आणि पुढचा शर्ट उचलला.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा ती तिथे नव्हती. गार्डही बदलला होता, त्याला अशी कुणी आंटी माहीत नव्हती. ढीग तसाच पडला होता, एक छोटा शर्ट जमिनीवर आला होता आणि लोक त्याला वळसा घालून जात होते. मी बराच वेळ थांबले. कुणी आलं नाही.