अक्षर मोठं हवं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोराला नाही, सुनेला नाही, देवापुढं बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं ती दोन्ही माणसं आता नाहीत.

माझी शाळा चौथीपर्यंत. निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. पुढं गावात मराठी शाळा आली, तिथं चार वर्षं गेले, मग घरच्यांनी बस म्हटलं. वाचता येतं, लिहिता येतं, सावकाश. हे आधीच सांगून ठेवते, कारण मी जे केलं ते लिहिण्यावाचण्यातच केलं. कधी वाटतं, लिहिता आलं नसतं तर बरं झालं असतं. पण अक्षरांचा काय दोष?

माझे मालक ड्रायव्हर होते. एका कारखान्याची बस चालवायचे — सकाळी शहरातून कामगार घ्यायचे, शेंद्र्याला सोडायचे, संध्याकाळी परत आणायचे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्या नजरेचं काहीतरी बिघडलं. समोरचं चांगलं दिसायचं, दुकानाची पाटी लांबून वाचायचे. पण बाजूचं जायला लागलं. नळीतून बघावं, तसं. जेवायला बसले की ओरडायचे, “चटणी का वाढली नाही?” चटणी ताटात डावीकडं असायचीच. मी गुपचूप ताट थोडं फिरवायची आणि म्हणायची, “ही काय, वाढतेच आहे.” असं किती दिवस चाललं? वर्षभर तरी.

मग त्यांच्याही ध्यानात आलं. एकदा अंगणात पाय धुताना म्हणाले, “गाडी सोडावी का गं आता?”

मी म्हणाले, “समोरचं दिसतंय ना? मग दोन वर्षं ओढा.”

पोरगा त्याच कारखान्यात चिकटायचा होता, म्हणून म्हणाले. पण म्हणाले मीच.

त्यानंतर चार महिन्यांनी, थंडीत, सकाळच्या फेरीला त्यांनी भानुदासला उडवलं. भानुदास शेंद्र्याकडचा मेंढपाळ. डावा पाय मांडीपासून काढावा लागला. मेंढरांमागं चालणारा माणूस तो, त्याचा पाय गेला म्हणजे काय उरलं? पोलीस आले, पंचनामा झाला. मालकांनी सांगितलं, मेंढरं एकदम रस्त्यात घुसली, त्यांच्यामागं हा धावला. बसमधले कामगार पेंगत होते, त्यांनीही तसंच सांगितलं. भानुदास बेशुद्ध होता. त्याला कोण विचारणार? झालं. चूक त्याची ठरली. त्याच्या गावातही लोक म्हणायला लागले, मेंढरं आवरता येत नव्हती तर रस्त्याला कशाला आणली.

त्या दिवशी घरी आले, चप्पल न काढता बसले आणि मला म्हणाले, “मेंढरं नव्हतीच गं रस्त्यात. सगळी पार झाली होती. तो कडेलाच उभा होता, धडकल्यावर कळलं. मला दिसलाच नाही.”

मी म्हणाले, “हे आता परत तोंडातून काढायचं नाही.”

त्यांनी नाही काढलं. सहा वर्षं नाही काढलं. गाडी सोडली, पोरगा कामाला लागला, आणि यांची नजर हळूहळू पूर्ण गेली. खाटेवर बसून राहायचे. ड्रायव्हर माणूस, बसायची सवय होती, पण पुढं रस्ता असायचा. नुसतं बसणं त्यांना जमेना. मग मी त्यांना पुस्तकं वाचून दाखवायला लागले.

पुस्तकं यायची पेटीतून. शहागंजातल्या एका वाचनालयानं तशी सोय केली होती — लोखंडी पेटीत चाळीसेक पुस्तकं, पंधरा दिवस आमच्या वसाहतीत, मग पंधरा दिवस शेंद्र्याला, मग आणखी कुठं, असं फिरत फिरत दोन-अडीच महिन्यांनी परत आमच्याकडं. पेटीत एक जाड वही असायची. पुस्तक वाचलं की वहीत अभिप्राय लिहायचा, मग दुसरं न्यायचं. कुणी काही लिहिलं की पुढच्या ठिकाणचा माणूस त्याच्याखाली उत्तर लिहायचा. पुस्तकांपेक्षा वहीच जास्त वाचली जायची. वहीत लोक भांडायचे, टोमणे मारायचे. मालकांना वही ऐकायला लई आवडायची.

त्यात एकदा ती कादंबरी आली. पुठ्ठ्यावर काचेच्या टोपात पांढऱ्या मिशांचा माणूस होता. नाव आता सांगता येत नाही. चार म्हातारे अंतराळवीर, सत्तरी ओलांडलेले. एकाचे गुडघे दुखतात, एकाला कमी ऐकू येतं. एक जुनं यान आकाशात अडकलेलं असतं आणि ते फक्त यांनाच चालवता येतं, म्हणून सरकार त्यांना घरून उचलून आणतं. त्यांच्या कप्तानाची नजर गेलेली असते, पण तो कुणाला कळू देत नाही. बटणं बोटांनी पाठ करतो. यान घेऊन येतो, पण उतरताना चुकतो आणि एक सोबती मरतो. खाली हारतुरे होतात. कप्तान गळ्यात हार घालून घेतो आणि गप्प राहतो. तिथं पुस्तक संपतं. मला वाचायला एकवीस दिवस लागले. पेटी पुढं जाण्याआधी पुस्तक संपेना, तेव्हा पेटी सांभाळणाऱ्याला विनवून ठेवून घेतलं, आणि वहीसुद्धा तेवढे दिवस अडवली.

मग मी त्यांना वहीतले अभिप्राय वाचून दाखवले. आधी चार-पाच जणांनी ते पुस्तक वाचलं होतं. एका फिटरनं लिहिलं होतं, इंधनाचं गणित साफ चुकलंय, एवढ्यात यान चंद्रापर्यंतसुद्धा जाणार नाही. त्याखाली दुसऱ्यानं, तुम्ही गेला होता वाटतं. एका मुलीनं लिहिलं होतं, म्हाताऱ्यांचं प्रेमप्रकरण नको होतं. कप्तानाला पदक मिळालं नाही याचं एका निवृत्त कारकुनाला फार वाईट वाटलं होतं. आणि सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी लिहिलं होतं की कप्तान शूर. आंधळा असून बसला, केवढी हिंमत. तरुणांनी घ्यावा असा धडा.

मालक फिटरचं ऐकून हसले. पुढं पुढं हसेनात.

“जो मेला, त्याचं कुणी काही लिहिलंय का?” त्यांनी विचारलं.

मी पानं उलटून बघितली. “नाही.”

“एकानंही नाही?”

“नाही म्हटलं ना.”

मग म्हणाले, “पेन घे. मी सांगतो, तू लिही. ही वही शेंद्र्याला जाते ना?”

दुपार होती. मी वही मांडीवर घेतली. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला मला कळलं हे कुठं निघालेत. पुस्तकाचा अभिप्राय नव्हता तो. भानुदासचं होतं. जे सहा वर्षं तोंडातून काढलं नव्हतं ते सगळं, त्याच्या नावासकट. तोंडावर जाऊन सांगायला त्यांना जमलं नसतं, पण कुणा कप्तानाच्या आडून जमत होतं. आणि मी काय केलं?

मी वहीच्या बाजूला वर्तमानपत्र ओढलं आणि पेन त्याच्यावर चालवत राहिले. नुसत्या रेघोट्या. पेनाचा आवाज थांबला असता तर त्यांना कळलं असतं — डोळे गेल्यावर त्यांचे कान फार तिखट झाले होते. ते सांगत होते आणि मी रेघोट्या ओढत होते. सांगून झालं. मग मी वहीत लिहिलं, “पुस्तक चांगलं आहे. अक्षर मोठं हवं होतं.” खाली त्यांचं नाव घातलं.

“वाच बरं,” म्हणाले.

वाचलं. वहीवर डोळे लावून त्यांनी सांगितलेलं सगळं, शब्दाला शब्द, म्हणून दाखवलं. चौथी शिकलेली बाई, पण पाठांतर माझं पहिल्यापासून चांगलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, “आता बरं वाटतंय.” त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

भीती कशाची होती? पोलीस परत येतील, पोराची नोकरी जाईल, वसाहतीत तोंड दाखवता येणार नाही — हे सगळं होतं. पण ते कारण म्हणून सांगत नाही. वही पुढं करून बायकोवर विश्वास ठेवणाऱ्या आंधळ्या माणसाला मी फसवलं. त्याला दुसरं नाव नाही.

पेटी परत आली. मी वही घेऊन दारात पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, “खाली कुणी काय लिहिलंय?”

खाली लिहिलेलं होतं. “अक्षराचं बरोबर आहे. आमच्या वडिलांनाही त्रास होतो.” शेंद्र्याच्याच कुणीतरी.

मी म्हणाले, “काही नाही लिहिलं कुणी.”

“शेंद्र्यातून पण?”

“नाही.”

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी आपणहून म्हणाले, “वाचलं असंल त्यानं. कुणी तरी सांगितलंच असंल. बोलायचं नसंल त्याला माझ्याशी. त्याचं बरोबर हाय.” त्यानंतर पुस्तक वाचू का म्हटलं की भिंतीकडं वळायचे. दोन वर्षं अशी काढली आणि गेले. भानुदासनं सगळं ऐकून आपल्याला तोंड दाखवलं नाही, असं धरून गेले. मला एका वाक्यात ते काढून टाकता आलं असतं. तरी नाही बोलले.

दहाव्याला भानुदास आला.

कुबड्या घेऊन, एसटीनं, एकटा. मी त्याला आधी कधी जवळून पाहिलं नव्हतं. ओट्यावर बसला, पटका काढून मांडीवर ठेवला. मी चहा दिला. तो म्हणाला, “वैनी, याआधीच यायचं व्हतं, पण पायाचं हे असं. साहेबाच्या मनाला लई लागलं असंल माझ्यापायी. त्यांचा काय दोष नव्हता. माझीच मेंढरं आडवी आली.”

मी विचारलं, “तुम्हाला आठवतं?”

“मला काय आठवतंय? शुद्ध व्हती का? पण सगळेच सांगतात. मीच नीट हाकली नसतील.”

बघा, तो दोषही त्याच्यावरच बसला होता. पाय गेला तो गेलाच, वर आपल्याच चुकीनं गेला असं धरून तो जगत होता. माझ्यासमोर बसला होता, हातभर अंतरावर. घरात दुसरं कुणी नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं — मेंढरं पार झाली होती.

मी म्हणाले, “आणखी घोटभर चहा घ्या.”

त्यानं घेतला. कुबड्या काखेत घातल्या, “येतो वैनी” म्हणाला आणि गेला. गेल्या उन्हाळ्यात तोही वारला. पोरगा आता नोकरीतून मोकळा झालाय. म्हणजे आता लिहून माझं काही जात नाही आणि कुणाला काही मिळत नाही. मला ते कळतं.

मालकांनी सांगितलेलं मला अजून पाठ आहे. ते असं होतं —

“मी ड्रायव्हर होतो. या कप्तानाला दिसत नव्हतं हे त्याला माहीत होतं, तरी तो बसला. सगळे त्याला शूर म्हणतात, मी म्हणत नाही. शेंद्र्याच्या रस्त्यावर भानुदासची मेंढरं पार झाली होती. तो कडेला उभा होता. मला दिसला नाही. दिसणार नाही हे मला आधीपासून माहीत होतं. चूक भानुदासची नाही. शेंद्र्यात हे कुणी वाचलं, तर त्याला मोठ्यानं वाचून दाखवा.”

एवढंच. ‘मला माहीत होतं’ म्हणाले. मी समोर पेन घेऊन बसले होते, तरी ‘आम्हाला’ म्हणाले नाहीत. तेवढं मी आज बदलते. आम्हाला माहीत होतं. मला त्यांच्या आधीपासून.