खड्ड्यात बंद न पडणारी गाडी

जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्यानं राजारामपुरीतल्या एका शिक्षकाला फसवलं. पेट्रोल बंद करणारा सुरक्षा स्विच नवा बसवला, असं सांगून त्यानं तो काढूनच टाकला. पुढं अपघातात शिक्षकाची आई जळून गेली आणि गुन्हा दाखल झाला शिक्षकावर. पोलिसातून निवृत्त झालो, तरी हे प्रकरण डोक्यातून जात नाही.

चंदगडच्या वाटेवर, माझ्या हद्दीत, गाडी पुलाच्या कठड्याला धडकली. धडक मोठी नव्हती. गाडी चालवणारा शिक्षक मुलगा बाहेर पडला. आईच्या बाजूचं दार अडकलं आणि पेट्रोलनं पेट घेतला. हातांना पट्ट्या बांधून तो जबाबाला बसला, तेव्हा एकच म्हणत होता, "साहेब, मी आईला नाही हो मारलं."

मग शिरोली एमआयडीसीतून एक निनावी फोन आला. "त्या गाडीचं बटन बघा की, साहेब. धक्का बसला की पेट्रोलचा पंप बंद करतंय ते."

जळक्या सांगाड्याचा पुन्हा पंचनामा केला. स्विच नव्हताच. त्याच्या जागी दोन वायरी पिळून जोडलेल्या होत्या. तांब्याचा तो पीळ आगीतही शाबूत राहिला होता. शिक्षकाला विचारलं. गाडी खड्ड्यात बंद पडते म्हणून त्यानं ती व्यापाऱ्याकडं परत नेली होती. खड्ड्याच्या हादऱ्यानंही तो स्विच कधी कधी पंप बंद करतो; अशा वेळी बटन दाबून बघायचं, तरी भागलं नाही तर स्विच बदलायचा.

व्यापाऱ्याला ठाण्यात बोलावलं. "विकल्यावर कुणी काय केलं, मला काय म्हाईत?"

मी गुळाच्या अडतीवर हमाली करत, सौदे ऐकत वाढलो. विकणाऱ्याला बोलतं करायचं तर त्याच्या मालाला नावं ठेवावीत.

"तुझ्या गाड्या भंगार. पहिल्या खड्ड्यात बंद."

"भंगार? बंद पाडून दावा की! समद्या डायरेक्ट करून देतोय मी. बटनाची भानगडच न्हाय."

"मास्तरचीबी?"

"व्हय की, त्याचीबी..." माझा हात उठला होता. तो मी टेबलावर आपटला.

त्याच्या मेस्त्रीनंही जबाबात तेच सांगितलं. आपण चुकतोय असं माणसाला वाटतच नसेल, तर तो ते लपवत नाही, मिरवतो. हे मी त्या दिवशी शिकलो. पण माझ्या वरिष्ठांनी 'तांत्रिक बाब' म्हणत दोषारोपपत्रातून व्यापाऱ्याचं नाव खोडलं. आरोपी उरला एकटा मुलगा.

तो अजून तारखांना जातो. व्यापाऱ्याचा धंदा जोरात आहे. नाव खोडणारे साहेबही आता निवृत्त आहेत, रोज सकाळी फिरायला जातात. त्यांनी एकदा त्या मुलासमोर बसावं आणि सांगावं, त्याच्या आईला कुणी मारलं?