इंग्रजाला चंदनाचा हार

इतवारीतला तो फ्रेमवाला ओठांत बारीक खिळे धरूनच बोलायचा आणि काचेवर हाः करून ती गळ्यातल्या दुपट्ट्याने पुसायचा. त्याच्याकडे मी एक चित्र मढवायला टाकलं होतं. सतराव्या शतकातल्या एका इंग्रज आरमारप्रमुखाच्या तैलचित्राची ती छापील प्रत. खांद्यावर रुळणारे कुरळे केस, कमरेवर हात, मागे तोफांच्या धुरात जहाज. मला जहाजं आवडतात, एवढाच आमचा संबंध.

आणायला गेलो तर फ्रेमला चंदनाचा हार!

"अहो, हा माझा कोणी लागत नाही!" मी जवळजवळ ओरडलोच.

त्याने ओठांतले खिळे तळहातावर काढले. "वारले ना पन?"

"साडेतीनशे वर्षं झाली असतील."

"मंग? गेलेल्या मानसाचा फोटो मी बिनहाराचा देत नाही. त्याच्या घरचं कोनी नागपूरले येऊन राहिलं का हार टाकाले?"

साहेब हारासकट आमच्या हॉलमध्ये लागला. पाहुणे त्याला पाहताच हळू आवाजात बोलू लागतात. सर्वपित्रीला बायकोने गंमत म्हणून गच्चीवर त्याच्याही नावाचा वडा ठेवला. कावळ्याने आमच्या आजोबांना सोडून आधी तोच उचलला.

फ्रेमवाल्याला हे सांगितलं, तर त्याला जराही नवल वाटलं नाही. काच पुसत म्हणाला, "तुमच्या आजोबाले तं दरसाल भेटते, भाऊ. त्याले पहिल्यांदाच भेटलं."