विहिरीची कंपनी आणि पडवीची कंपनी

आमच्या वाडीत मोबाइल कंपन्यांना त्यांच्या नावाने कोणी ओळखत नाही. जाहिरातीतली नावं शहरातल्या लोकांसाठी. रत्नागिरीपासून गाडीने अर्ध्या तासावर, वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, खाली खाडी आणि मधल्या उतारावर आमची घरं. टॉवर सगळे सड्यावर. त्यांची रेंज आमच्या डोक्यावरून थेट खाडीपलीकडच्या गावाला जाते आणि जाता जाता जिथे सांडेल तिथे आम्ही फोन घेऊन उभे राहतो. एका कंपनीची विहिरीवर सांडते, ती विहिरीची कंपनी. एकीची पडवीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, ती पडवीची. तिसरी फक्त देवळाच्या पायऱ्यांवर लागते. वाडीत नवी सून आली की पहिल्याच आठवड्यात बायका तिला विचारतात, "तुझी कुठली गो?" ती बिचारी टीव्हीवरचं नाव सांगते आणि सगळ्या तिच्याकडे बघत राहतात.

मी पडवीची. माझी थोरली जाऊ, म्हणजे वहिनी, विहिरीची. थोरले दीर गेल्यापासून आमची चूल एकच आहे. आम्ही दोघी आणि आमचे हे, एवढीच माणसं. ह्यांच्याकडे बटणांचा फोन आहे आणि ते त्याच्यावर समाधानी आहेत, म्हणून त्यांचा विषय इथेच संपला.

वहिनींचा लेक बोटीवर असतो. त्याने परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून आईला फोन आणला, पोळपाटाएवढा. माझ्या मुलीने पुण्याहून मला दुसऱ्या कंपनीचा पाठवला. त्या दिवसापासून घरात शीतयुद्ध. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. वहिनींच्या फोनमध्ये सगळी माणसं गोरी दिसतात. अगदी आमचे हेसुद्धा. माझ्या फोनमध्ये माणूस आहे तसा दिसतो, म्हणून माझा फोन वाईट. दोघींच्या चार्जरच्या पिना वेगळ्या आणि माजघरात प्लग एकच. सकाळी उठून बघावं तर माझा चार्जर उपसून बाजूला ठेवलेला आणि त्यांचा फोन ऐटीत चार्ज होतोय. विचारलं तर म्हणायच्या, "तुझा भरला होता." भरला होता कसला, चौदा टक्के होता. मी शाळेत मास्तरीण आहे, चौदा आणि शंभर यातला फरक मला कळतो.

पण एका गोष्टीत मी गप्प बसायचे. लेकाचा फोन. बोट बंदराला लागली की त्याला दहा-पंधरा मिनिटं मिळायची. ती कधी मिळतील ते त्यालाही माहीत नसायचं. मग बंदर जवळ आलं की वहिनी विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायच्या. भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन, पावसात छत्री घेऊन, मांडीवर निवडायची भाजी घेऊन. सहा वर्षं त्यांनी असं काढलं. मुलगा विचारायचा, "आई, कशी आहेस?" ह्या म्हणायच्या, "मला काय धाड भरली आहे?" तो विचारायचा, "आणखी सहा महिने थांबायला सांगतायत, थांबू की येऊ?" ह्या दर वेळी म्हणायच्या, "तुला बरं पडेल ते कर बाबा, माझं काही नाही." आणि मग घरात येऊन भांडी आपटायच्या. तीन गणपती तो आला नाही. तीन वर्षं आमच्याकडची भांडी पोचे पडलेली आहेत.

यंदा आषाढात त्याचा फोन येऊन गेला. म्हणाला, पुढच्या बंदरात पोचलो की कागदावर सही करायची की नाही ते त्याच दिवशी सांगायचं आहे. सही केली तर पुन्हा सहा महिने, नाही केली तर गणपतीला घरी. तुला विचारूनच काय ते ठरवतो. त्या दिवशी वहिनींनी भांडी आपटली नाहीत. रात्रीचं जेवण उरकल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "या खेपेस सांगणार आहे मी त्याला. ये म्हणणार आहे."

मी म्हटलं, "म्हणा की. एवढाच तर शब्द आहे."

"तुला काय जातंय बोलायला? तुझी पुण्यात आहे. शिवशाहीत बसली की सकाळी दारात."

यावर मला राग यायला हवा होता, कारण मला राग लवकर येतो, पण आला नाही.

श्रावण लागला आणि एका सकाळी विहिरीकडच्या शेवाळावरून वहिनींचा पाय सरकला. मी धावत गेले तर बाई कमरेवर आपटलेल्या आणि उजवा हात वर धरलेला. हातात फोन. फोनला चिखलाचा थेंब लागला नव्हता. मी त्यांना उठवलं, शेकलं, आणि मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "पुरे झाली तुमची विहिरीची कंपनी. माझ्या पडवीच्या कंपनीत या. कोरड्यात बसा, खुर्चीवर बसा, आणि बोला."

खोटं कशाला बोलू, यात दया होती तशी थोडी हौसही होती. सहा वर्षांनी का होईना, माझी कंपनी चांगली हे त्यांच्या तोंडून कबूल होणार होतं.

"नंबर बदलेल," वहिनी म्हणाल्या.

"नंबर तोच राहतो. कंपनी फक्त बदलते."

"असं कसं होईल? घर बदललं आणि आडनाव तेच राहिलं, असं ऐकलंयस कधी?"

मी समजावलं. तीन दिवस समजावलं. तिसरीच्या वर्गाला हातचा घेऊन वजाबाकी शिकवणं सोपं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "देवाला विचारू." म्हणजे कौल. आमच्याकडे विहीर खणायची असो, मुलीचं ठरवायचं असो, देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या लावतो, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आता या यादीत सिमकार्डही आलं.

गुरव स्वतः देवळाच्या कंपनीचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नंबर तोच राहतो ना वहिनी? मग आमच्यात या की. पायऱ्यांवर पाच काड्या येतात." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा महाराजा, ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी आली आहेत. हिचा लेक दर्यावर आहे. त्याचा शब्द हिच्या कानावर यावा म्हणून ही कंपनी बदलू बघते. नंबर तोच राहतो, असं ही धाकटी म्हणते. खरं असेल तर उजवा दे, खोटं असेल तर डावा दे." म्हणजे कौल कंपनीचा राहिला बाजूला, परीक्षा माझीच चालली होती. वीस मिनिटं आम्ही त्या कळ्यांकडे टक लावून बसलो. मग उजवी पडली. मी एवढी खूश झाले की गुरवाला नमस्कार करताना देवाला करायचा राहिला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघींनी रत्नागिरीला जाऊन दुकानातून नवं कार्ड आणलं. दुकानदाराने पाकिटात घालून दिलं आणि बजावलं, "चार-पाच दिवसांनी मेसेज येईल. तोपर्यंत जुनंच फोनमध्ये राहू दे." मी हो म्हटलं. वहिनींनीही मान हलवली. बोट बंदराला लागायला अजून आठवडा होता. सगळं सुरळीत होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी मी शाळेतून आले तर वहिनी पडवीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या. हातात फोन. "तुझी कंपनी काही लागत नाही गो," म्हणाल्या. बघते तर नवं कार्ड आत. कानातल्याच्या तारेने स्वतः घातलेलं. मी विचारलं, "जुनं कुठे आहे?"

"सोडलं."

"सोडलं म्हणजे?"

"खाडीत. काल ओहोटीला. हळदकुंकू लावून, कौलाच्या फुलाबरोबर. सहा वर्षं लेकाचा आवाज आणून दिलान त्याने, उकिरड्यावर टाकू?"

मी कपाळाला हात लावला. "अहो, दुकानदाराने सांगितलं होतं ना, मेसेज येईपर्यंत थांबा म्हणून."

"देवाने होय म्हटल्यावर दुकानदार कोण?"

जुनं कार्ड समुद्राला लागलं होतं आणि नवं अजून जन्मलं नव्हतं. माझ्या वर्गात कोणी असं केलं असतं तर त्याला बाकावर उभं केलं असतं. पण त्याच संध्याकाळी आमच्या ह्यांच्या बटणांच्या फोनवर बोटीच्या ऑफिसातून निरोप आला. हवा बिघडली म्हणून बोट लवकर बंदर घेते आहे, उद्या. वहिनींनी ऐकलं. खुर्चीवरून उठल्या, ओसरीवर जाऊन भिंतीला टेकल्या आणि पदर तोंडाला लावला. हे सगळं माझ्या हौशीने झालं होतं. त्या शिव्या देतील तर बरं, असं मला वाटत होतं.

मी माझ्या फोनवरून पुतण्याला मेसेज टाकला. आईचा फोन बंद आहे, माझ्यावर कर. एकच टिक आली. बोट समुद्रात, त्याला कुठलं नेट? मी वहिनींना म्हटलं, "मीच लिहून टाकू का, ये म्हणून?"

"खबरदार. असलं लिहून कळवायचं नाही. तो तोंडाने विचारेल, मी तोंडाने सांगेन."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती. सकाळपासून आम्ही दोघी पडवीत. मध्ये स्टूल, स्टुलावर माझा फोन. त्या दिवशी माजघरातला प्लग माझा होता. दुपारी दोन वाजेपर्यंत एकच टिक. तीनला दोन टिका झाल्या. वहिनींनी केस सारखे केले. मी म्हटलं, "माझ्या फोनमध्ये गोऱ्या दिसणार नाही हं." त्या म्हणाल्या, "मेली, गप बस." पण थोड्या हसल्या.

साडेतीनला फोन वाजला. पडद्यावर त्याचा चेहरा, मागे लोखंडी भिंत. रापलेला, दाढी वाढलेली. वहिनींनी फोन आधी उलटा धरला, मग सुलटा, मग कानाला लावला. मी तो कानावरून काढून समोर धरायला लावला.

"आई, वेळ नाही गो जास्त. कागद समोर आहे. सांग, थांबू की येऊ?"

मी वहिनींच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तोंड उघडलं. आणि सहा वर्षांची सवय ती, जाते कुठे? म्हणाल्या, "तुला बरं पडेल ते कर बाबा. माझं काही नाही."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. तेवढ्यात त्याचा चेहरा थिजला. तोंड अर्धं उघडं, डोळा अर्धा मिटलेला. आवाज गेला. मी हॅलो हॅलो केलं. काही नाही. वहिनींनी फोन स्टुलावर ठेवला.

"तुटला," त्या म्हणाल्या. "बरं झालं तुटला. मी काय बोलले, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"जीभ झडली मेली माझी. एक शब्द होता. आरशासमोर उभी राहून म्हणून बघितला होता मी. ये. ये म्हणायचं होतं. मी म्हातारी झाले गो. त्याच्या खोलीतली गादी दर पंधरा दिवसांनी उन्हात टाकते, ती कोणासाठी? गणपतीला आरतीत त्याचा आवाज नसतो तर मला आरतीच ऐकू येत नाही. लोक म्हणतात, लेक बोटीवर, मजा आहे बाई. कसली मजा? माझ्या लेकाचे खांदे रुंद झाले की अरुंद, मला माहीत नाही. ह्या पडद्यावर खांदे दिसतात का कोणाचे? त्याला मी कधी सांगितलं नाही. त्याला वाटत असेल, आईला काही नाही. मला आहे. खूप आहे." आणि ती बाई हमसून हमसून रडली. तीस वर्षं एका घरात आहोत, मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. दीर गेले तेव्हासुद्धा नाही. मीही रडले. माझंच चुकलं, माझंच चुकलं, एवढंच म्हणत राहिले.

मग नाक पुसून मी फोन उचलला. परत लावून बघावा म्हटलं. त्याचा तो थिजलेला चेहरा तसाच होता आणि वरच्या बाजूला सेकंद पळत होते. सात मिनिटं बारा. तेरा. चौदा. फोन तुटलाच नव्हता. त्याचं आमच्याकडे येत नव्हतं, एवढंच. आमचं त्याच्याकडे जात होतं की नाही, देव जाणे. मी काही बोलायच्या आत पडदा काळा झाला.

मी वहिनींना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "ऐकलंन असेल त्याने?"

"माहीत नाही."

"सगळं?"

"माहीत नाही हो."

परत फोन आला नाही. पाच वाजता मेसेजचा आवाज झाला. वहिनींना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा आणायला उठायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. म्हणाल्या, "तू वाच."

मी वाचलं. "काकी, आईला सांग सही नाही केली. आणि खांदे रुंद झालेत, येऊन दाखवतो."

वहिनींनी पदराने डोळे पुसले. मग स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "परत वाच."