डोमाजी कोतवालाची मीटिंग

मी हे लिहावं का, याचा विचार करण्यातच दोन आठवडे गेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पेन हातात धरलेलं नाही. कॉलेजच्या अंकासाठी काहीतरी द्या असं मराठीच्या सरांनी सांगितलं, तेव्हा इतर मुलांनी मोठमोठी माणसं निवडली. मला ज्यांच्यावर लिहायचं आहे त्यांचं नाव गावाबाहेर कोणाला माहीत नाही. शिवाय त्यांच्यावर लिहिण्याचा हक्क मला आहे का, हेही मला नीट ठाऊक नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं.

डोमाजीभाऊ आमच्या गावचे कोतवाल. चांदा जिल्ह्यात, वैनगंगेच्या अलीकडे, जंगलाला टेकून आमचं गाव आहे. चावडीत बैठक असली की ते डफडं वाजवत गल्लीगल्लीतून फिरत. पाटलांचा हुकूम सांगून झाला की स्वतःचं एक वाक्य जोडत, "आन या बाप्पा सारे! घरी बसून का करता?"

मयताचा सांगावाही तेच नेत. पाच-पाच कोस जंगल तुडवून नातेवाइकांच्या गावी जात, अंगणाच्या कडेला उभं राहून हाक देत, आणि बाई बाहेर आली की म्हणत, "आंधी पानी पे बाई. मंग सांगतो." रडून घसा सुकण्याआधी पाणी पोटात जावं, एवढाच त्यांचा हेतू. पण पुढे पुढे त्या पाण्यावरूनच लोकांना सगळं कळू लागलं.

त्यांची बायको केव्हाच वारली होती. एकुलती लेक सिरोंच्याकडे दिलेली. "पोरगी आता सपनात बी तेलगू बोलते म्हन्ते," असं ते हसून सांगत. संध्याकाळी झोपडीसमोर एकटेच डफड्याचं कातडं शेकत बसत.

लहानपणी मीही त्यांना सगळ्यांसारखं 'डोम्या' म्हणत असे. साठीच्या माणसाला! नागपूरला कॉलेजात गेल्यावर पहिल्या सुटीत मी "डोमाजीभाऊ" अशी हाक मारली, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. दुसरं कोणी आलं आहे का, म्हणून.

त्याच वर्षी गावात सायकलवरून ग्रामसेवक येऊ लागले. ते बैठक म्हणत नसत, मीटिंग म्हणत. मग दवंडीतही मीटिंग आली. ग्रामसेवकांना हजेरीचा आकडा लागे. डोमाजीभाऊ चावडीसमोरच्या चिंचेखाली चिंचोक्यांचा ढीग घेऊन बसत, आणि माणूस आत गेलं की एक चिंचोका बाजूला सारत. आकडा कधी चुकला नाही. स्वतःसाठी मात्र ते चिंचोका सारत नसत, कारण ते आत जात नसत. त्यांच्या जातीच्या माणसाने चावडीत बसायचं नाही, हे गावात कोणी बोलून दाखवत नसे. बोलायची गरजच नव्हती.

"बाबू," त्यांनी मला विचारलं, "मी हे मीटिंग मीटिंग वरडून राह्यलो, तं म्हन्जे का असते गा? ज्याले बोलावतो त्याले सांगता तं याले पायजे."

बैठकच, असं मी सांगितलं, पण तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. नागपूरला परतल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयातला जाड शब्दकोश काढून मी अर्धा दिवस बसलो. एवढ्या साध्या शब्दाला इतका मोठा गोतावळा असेल असं वाटलं नव्हतं. कागदावर सगळं उतरवून घेतलं आणि उन्हाळ्याच्या सुटीत चिंचेखाली बसून त्यांना वाचून दाखवलं. शब्दाचं मूळ म्हणजे समोर येणं, गाठ पडणं. जुन्या काळी इंग्रजांच्या मुलखातही लोक झाडाखाली जमून न्यायनिवाडा करत, आणि त्या जमण्याचं नाव याच मुळातलं. पुढे दोन वैरी तलवारी घेऊन ठरल्या जागी येत, तीही मीटिंग. इंग्रजांतला एक पंथ एकत्र येऊन नुसता गप्प बसतो, ती प्रार्थनाही मीटिंगच. दोन नद्या मिळतात, तिथेही हाच शब्द.

"तलवारीची तं आपल्या चावडीत बी होते," ते म्हणाले, "फक्त तोंडानं." आणि खूप हसले. मग म्हणाले, "वैनगंगा आन वर्धा खाली चपराळ्याकडं भेटते. ते बी मीटिंग?"

"हो."

ते चिंचोके चाळवू लागले.

"त्याच्यातली कोनती नदी बाहेर बसते गा?"

दुसऱ्याच दिवशी सकाळी नव्या विहिरीसाठी मीटिंग होती. मी कॉलेजचा म्हणून ग्रामसेवकांनी कागद माझ्या हाती दिला. उभं राहून वाचताना दारातून मला डोमाजीभाऊंची पाठ दिसत होती. उशिरा येणाऱ्यांसाठी ते नेहमी रस्त्याकडे तोंड करून बसत. कागदात 'गावातील सर्व लोकांनी' असे शब्द आले आणि मी थांबलो. तेव्हा फक्त एवढंच म्हणायचं होतं : डोमाजीभाऊ, आत या. सगळे माझ्याकडे पाहू लागले. वडीलही. मी पुढची ओळ वाचली.

"एकोनचाळीस, जी," शेवटी बाहेरून आकडा आला.

घरी जाताना ते भेटले. म्हणाले, "चांगलं वाचलं बाबू. बाहेरवर आयकू येत होतं."

यंदा दसरा होऊन गेल्यावर गावचा मारोती कोर्टाच्या कामासाठी नागपूरला आला होता. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. माझ्या खोलीवर येऊन त्याने पिशवी ठेवली, माठातलं पाणी पेल्यात ओतलं आणि तो पेला माझ्याच हातात दिला.

"आंधी पानी पे गा. मंग सांगतो."

"बाबा?" मी विचारलं.

"नाई गा, ते बरे हायेत. डोमाजी गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. ताप होता."

"सव्वा महिना झाला! मले कोनी कळवलं काऊन नाई?"

"कोन कळवनार? कळवनारा तोच होता न. त्याच्या पोरीले बी अजून ठाव नाई."

मग तो आपणहून सांगू लागला. पोळ्याआधी विहिरीची आणखी एक मीटिंग झाली. डोमाजीने बाहेरून बेचाळीस आकडा दिला. ग्रामसेवकांनी आतली डोकी मोजली तर एकेचाळीस. पाटील ओरडले, "डोम्या, मोजनं भुलला का रे?" तर हा म्हणाला, "नाई जी. येक बाहेर हाये."

"मंग?"

"मंग का? सारे हासले. ग्रामसेवकानं बेचाळीस लिवले."

"त्याले आत बोलावलं का कोनी?"

मारोतीने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"आंधीच्या मीटिंगले तू उभा होता न गा. तू बोलावलं होतं काय?"

पेला अजून माझ्या हातातच होता. मी ते पाणी प्यायलो.