बायोआत्याचा केशराचा चहा

बायोआत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कांदिवलीच्या घरी चहाच टाकत होते. शेजारच्यांच्या फोनवर मुलुंडहून भाऊ बोलला, "आत्या गेली गं. झोपेतच." मी परत येईस्तोवर चहा उतू जाऊन गॅस विझला होता. सासूबाई म्हणाल्या, "जा तू, ओटा मी पुसते." याला दीड महिना झाला. रडून झालंय. राग मात्र उतरत नाही, म्हणून लिहायला बसले.

पहिला राग बाराव्याला जमलेल्या मंडळींचा. "बायोच्या हातचा केशराचा चहा... तसा आता मिळायचा नाही," म्हणत सगळे माना हलवत होते. हीच ती माणसं. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन विशीत विधवा झाली आणि मालवणहून आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत आली, ती कायमची. घरात साखरपुडा असो, डोहाळजेवण असो, केशराचा चहा तिनेच करायचा आणि पाहुण्यांसमोर मात्र यायचं नाही. शुभकार्यात विधवेचं तोंड दिसायला नको. तिच्या हातचा चहा चालायचा, तोंड चालत नव्हतं. ही कुठली रीत, सांगा मला. गाळून उरलेल्या चोथ्यात पाणी घालून ती पुन्हा उकळायची आणि आपण तो कोरा चहा प्यायची. "माका ह्योच बरो लागता," म्हणायची. आम्हीही ते खरं धरून चालत होतो. सोयीचं होतं ना.

सहा वर्षांपूर्वी माझे सासरचे मला बघायला आले. नवा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आईने भरतकामाचा रुमाल घालून दर्शनी ठेवला होता. आत्या सकाळपासून स्वयंपाकघरात, मधे पडदा. मी ट्रे घेऊन बाहेर गेले. होणाऱ्या सासूबाईंनी एक घोट घेतला, थांबल्या, पुन्हा घेतला. "चहा कोणी केला हो?" आई क्षणभरही न अडखळता म्हणाली, "आमच्या नंदानेच." मी ट्रेमधल्या फुलांच्या नक्षीकडे बघत राहिले. पडद्यामागे भांड्याचा आवाज येत होता, तो तेवढ्यापुरता थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

लग्नानंतर महिन्याभरात सासूबाईंनी नणंदेच्या सासरच्यांना चहाला बोलावलं, खास माझ्या जिवावर. मी केशर, आलं, दूध सगळं एकदमच खळखळा उकळलं. दूध फाटलं. वाट लागली. "हातून होतं असं," म्हणून सासूबाईंनी सावरून घेतलं, आणि मी त्याच आठवड्यात मुलुंड गाठलं. आत्या मला बघून हसली. "खोटा बोललात, आता निस्तर गो." मग तिने शिकवलं. आलं ठेचून आधी पाण्यात, नुसतं चवीपुरतं. चहापूड बेताची, नाहीतर केशराचा वास मरतो. दूध नंतर, वेलची शेवटी. "केशर उकळूचा नाय. तेका कोमट दुधात निजवूचा, आणि च्या गाळल्यावर वरून सोडूचा." मी म्हटलं, "आत्या, मी सांगते त्यांना, तो चहा तुझा होता म्हणून." ती म्हणाली, "सांग. पण आधी तुजा बस्तान बसांदे."

माझं बस्तान बसलं. मुलगी झाली. माझ्या चहाची कीर्ती कांदिवलीभर झाली आणि मी गप्प. दोन वर्षांपूर्वी आत्याने एकदाच, भाजी निवडता निवडता, विचारलं, "सांगितलंस काय गो?" मी म्हटलं, "हो, कधीच." तिचा चेहरा असा उजळला की मला थांबताच येईना. "काय म्हणाली तुजी सासू?" आणि मी, देवा, म्हटलं, "म्हणाल्या, त्यांना एकदा घरी बोलावू. समोर बसून पिऊ त्यांच्या हातचा चहा."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मी समजले, विसरली.

बाराव्याला पाहुणे पांगल्यावर आईने आत्याची पत्र्याची ट्रंक उघडली. वर एक मोतिया रंगाचं लुगडं, घडीसुद्धा न मोडलेलं. त्यात केशराची डबी, सीलबंद. शेजारचा मुलगा आखातातून आला, त्याच्याकडून तिने मागून घेतलेली. उभ्या जन्मात तिने कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. आई म्हणाली, "दोन वर्षं हात लावू देत नव्हती बाई. कांदिवलीहून बोलावणं यायचंय, म्हणायची." मंडळींवर, रीतीवर, आईवर इतके दिवस धरलेला राग तिथेच माझ्याकडे वळला. त्यांनी तिला पडद्याआड बसवलं. वाट बघत मी बसवलं.

त्याच संध्याकाळी घरी येऊन मी डबी सासूबाईंपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांनी डबी उचलून हातात घेतली.

"अगं, मुलुंड ते कांदिवली..." त्या म्हणाल्या. "मला नुसतं सांगायचंस. मी स्वतः गेले असते त्यांना आणायला."

डबी अजून चहाच्या फडताळात आहे, साखरेच्या बरणीशेजारी. सील कोणी तोडलेलं नाही. आता चहाचं कौतुक झालं की मी लगेच सांगते, "माझा नाही, बायोआत्याचा." लोक विचारतात, कुठे असतात त्या, एकदा बोलवा ना.