कूलरची पिन

बातमी आधी आणि तपशील नंतर... वर्तमानपत्रात लागलेली ही सवय अजून सुटलेली नाही. बातमी अशी : गेल्या वर्षी ३१ मार्चला, जळगावच्या आमच्या कार्यालयात, योगिता नावाची मुलगी विजेच्या धक्क्याने मेली असती. मेली नाही. हे लिहितानाही ती माझ्या केबिनच्या काचेपलीकडे बसून देयकं तपासते आहे. ती का वाचली याचं जे उत्तर आमच्याकडे आहे, ते दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी पान उलटून पुढे गेले असते.

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी अनेक वर्षं वाचते. खरं म्हणजे चुका काढायला वाचते. घड्याळ बंद होतं तर वेळ कशी कळली, अंधार होता तर साडीचा रंग कसा दिसला... लेखा सेवेत येण्यापूर्वी मी एका दैनिकात उपसंपादक होते. दोघांनी दुजोरा दिल्याशिवाय ओळ छापायची नाही, हे तिथे शिकले. आता एका सरकारी यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात वित्त विभागाची प्रमुख आहे, आणि इथेही कागद दाखवल्याशिवाय माझी सही मिळत नाही. भूत, आत्मा, संकेत या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आजही मानते असं म्हणणार नाही. जे घडलं ते क्रमाने सांगते.

आधी जागा. माझ्या केबिनला समोर काच आहे. पलीकडे लेखा विभागाचा हॉल. डाव्या हाताला नानांचं टेबल. नाना म्हणजे आमचे वरिष्ठ लिपिक, रावेरचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. उजवीकडे योगिता. ती यावलची. वडील नोकरीत असताना गेले, त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर लागली. इथे जळगावात पिंप्राळ्याला खोली घेऊन राहते. यावलला आई आणि शिकणारा भाऊ आहे, आणि घरात कमावणारी ती एकटीच. तिच्या टेबलामागे खिडकी आणि खिडकीशी लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर. हॉलच्या मध्ये एक खांब आहे, त्यामुळे मला केबिनमधून कूलर दिसतो, पण त्याच्या पलीकडची खिडकी आणि तिच्याखालचा विजेचा बोर्ड दिसत नाही. हे लक्षात ठेवावं.

आता ३१ मार्च. सरकारी कार्यालयात काम केलेल्यांना सांगायला नको. त्या दिवशी मंजूर निधी वापरला नाही तर परत जातो. देयक योगिता तपासते, नाना पुढे पाठवतात, माझ्या डिजिटल सहीने ते कोषागाराकडे जातं. संगणक मध्येच बंद पडला तर सगळं पहिल्यापासून. त्याआधीच्या वर्षी नेमकं तेच झालं होतं. कूलर, दोन संगणक आणि प्रिंटर एकाच बोर्डावर आहेत. पाणी भरण्यासाठी कुणीतरी कूलरची पिन काढायला गेलं आणि संगणकाची काढली. अर्धा दिवस वाया गेला. तेव्हापासून नानांनी बोर्डावर पुठ्ठ्याची पाटी लावली : 'मार्च एंड. पिनला हात लावू नये.' म्हणजे त्या दिवशी कूलर चालू ठेवूनच त्यात पाणी भरायचं. असं कुणी कुठे करत असेल असं मला वाटत नाही. पण आम्ही करत होतो, आणि त्यात कुणालाही काही गैर वाटत नव्हतं. मलाही नाही.

दुपारी नानांनी घरून आणलेली वरण-बट्टी सगळ्यांनी आळीपाळीने खाल्ली. हा आमच्या विभागाचा मार्च एंडचा रिवाज आहे. बाहेर ऊन असं होतं की पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटवर हात ठेववत नव्हता. कूलरमधलं पाणी संपलं आणि तो गरम वारा फेकायला लागला.

"योगिते, पाणी टाक वं त्यात," नाना म्हणाले. "बट्टी पचू दे माह्यी."

"नाना, एवढ्या बट्ट्या कूलरने नाही पचायच्या. तुम्हालाच उठावं लागेल."

"मी उठलो तं मॅडम म्हणतीन, नाना जागेवर नाही."

मी काचेतून ऐकत होते. दार उघडं होतं. योगिताने सँडल नवीन होत्या म्हणून काढून टेबलाखाली ठेवल्या, नळाचा पाइप ओढत आणला. फरशीवर पाणी सांडलं. ती अनवाणी त्याच पाण्यात उभी होती.

यानंतरचं मी स्वतः पाहिलं आहे. नाना खुर्चीत होते, उजवा हात माउसवर. त्यांच्या टेबलावरचे कागद कूलरच्या वाऱ्याने फडफडत होते. योगिता पाइप घेऊन कूलरजवळ गेली आणि थांबली. खिडकीच्या बाजूला पाहिलं. मान हलवली, जशी आपण कुणी काही सांगितल्यावर हलवतो. मग नानांच्या टेबलावरचे कागद खाली बसले. कूलर बंद झाला होता. माझा आणि नानांचा संगणक मात्र चालूच होता, म्हणजे वीज गेली नव्हती. योगिताने डावा हात कूलरच्या पत्र्यावर टेकवला, झाकण वर केलं, पाइप आत सोडला आणि पाणी भरेपर्यंत दोन्ही हातांनी कूलर धरून उभी राहिली.

मी पुन्हा सह्यांकडे वळले.

थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "नाना, झालं. लावा पिन."

"कोणती पिन?"

"कूलरची. तुम्हीच काढली ना आता."

"मी? मी कुठी काढली वं? मी तं जागचा हललो नाही."

"काय नाना! थांब म्हणाले, पिन काढू दे म्हणाले. मी ऐकलं ना!"

"बट्टी मी खाल्ली अन् चढली तुले," नाना म्हणाले. बाकीचे हसले. मीही हसले.

नाना कुरकुरत उठले. पिन खरोखरच काढलेली होती. नुसती काढलेली नाही, तर वायर नीट गुंडाळून खिडकीच्या कडीला अडकवलेली होती. "हे पहा, अडकवूनसुद्धा ठेवली," ते म्हणाले आणि त्यांनी पिन परत लावली. पंखा सुरू झाला. पंपही चालतो का पाहायला त्यांनी सवयीने हाताची मागची बाजू पत्र्याला लावली... आणि ते मागे फेकले गेले. खुर्चीवर आदळले. पायात रबरी चप्पल होती. हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता, पण ते बोलत होते. पहिलं वाक्य बोलले ते योगिताला, "तुह्या पायात काय आहे वं?"

तिच्या पायात काहीच नव्हतं. ती अजून त्या पाण्यातच उभी होती.

रफिकभाई आमच्या कार्यालयाची विजेची कामं करतात. अर्ध्या तासात आले. बोर्ड आणि कूलर तपासायला मेन स्विच बंद करायचा म्हणजे संगणक जाणार होते. मी बंद करायला सांगितला. माझ्या नोकरीतला तो एकच ३१ मार्च, जेव्हा मला निधीची आठवण झाली नाही. त्यांनी कूलर उघडला. पंपाची वायर उंदरांनी कुरतडली होती, उघडी तार पत्र्याला टेकलेली. अर्थिंग नव्हतंच.

"मॅडम, पूर्ण बॉडीत करंट येत होता," ते म्हणाले. "नानांची चप्पल होती म्हणून नाना आहेत. ही बेटी अनवाणी, पाण्यात, दोन्ही हातांनी धरून... पिन कुणी काढली?"

नानांनी पुन्हा सांगितलं, मी जागचा हललो नव्हतो.

मी चौकशी केली. जुनी सवय. प्रत्येकाला वेगळं केबिनमध्ये बोलावलं. नाना उठले नाहीत, हे मी स्वतः पाहिलं होतं. बाकी दोघे कर्मचारी माझ्या बाजूच्या भिंतीशी बसतात. त्यांना कूलरकडे जायला माझ्या काचेसमोरूनच जावं लागलं असतं. हालचालीने पिन सैल होऊन पडू शकते, हे मान्य. पण पडलेली पिन वायर गुंडाळून कडीला अडकत नाही. योगिताच्या हातात पाइप होता.

शेवटी तिलाच विचारलं, नेमकं काय ऐकलंस?

"मॅडम, कूलरच्या मागून आवाज आला. 'थांब वं बेटी, पहिले पिन काढू दे.' मला वाटलं नाना. कुणीतरी खिडकीपाशी वाकलेलं दिसलं, पांढरा शर्ट. नानांचा पण पांढराच आहे ना आज. मग म्हणाले, 'हां, आते भर.' मी भरलं."

नाना दारात उभे होते. त्यांनी तिला ते शब्द पुन्हा म्हणायला लावले. मग ते खुर्चीत बसले, माझ्यासमोर, न विचारता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"आमच्या रावेरकडे 'आता'ला 'आते' म्हणत नाहीत, मॅडम. हे धुळ्याकडचं आहे. आपल्याइथे धुळ्याकडचे एकच होते. देवरे साहेब. तुमच्याच खुर्चीत बसायचे."

देवरे साहेबांचं नाव माझ्या मागच्या भिंतीवर, आधीच्या अधिकाऱ्यांच्या फलकावर आहे. रोज पाठीशी असतं. मी त्यांना कधी भेटले नव्हते. नानांनी सांगितलं ते असं : साहेबांचा धाकटा भाऊ धुळ्याला कूलरच्या धक्क्याने गेला. तेव्हापासून उन्हाळ्यात हॉलमध्ये कुणी पाणी भरायला उठलं की साहेब केबिनमधून स्वतः यायचे, स्वतःच्या हाताने पिन काढायचे, आणि पाणी भरेपर्यंत तिथे उभे राहायचे.

"आम्ही मागून हसायचो," नाना म्हणाले. "'पिनवाले साहेब' म्हणायचो. रिटायर झाले, धुळ्याला गेले. वारले त्याले आता पाच-सहा वर्षं झाली असतीन."

त्या दिवशी आमची काही देयकं राहिली. वरून विचारणा झाली, मी कारण लिहून दिलं : विद्युत बिघाड. ते खोटं नव्हतं.

मे महिन्यात धुळ्याला बैठक होती. बैठक संपल्यावर, नानांनी दिलेल्या पत्त्यावर गेले. सोबत योगिता होती. तिनेच यायचा हट्ट धरला होता. देवरे काकू एकट्या राहतात. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. त्यांनी आधी पाणी दिलं, मग चहा टाकला, मग विचारलं की आम्ही कोण. मी घडलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. नाव कुणाचं घ्यायचं, काय समजायचं, हे मी त्यांच्यावर सोडलं. त्या दचकतील, रडतील अशी माझी तयारी होती. त्यांनी योगिताला जवळ बोलावलं, तिचे दोन्ही तळहात उलटून पाहिले आणि म्हणाल्या, "जेवण करीसन जा."

मी विचारलं, "काकू, साहेब घरीही असंच करायचे का?"

"माले त्या कूलरले हातबी लावू देत नव्हतात."

"मग आता पाणी भरताना पिन कोण काढतं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग म्हणाल्या, "मी पानी भराले जास तं काढेलच ऱ्हास ना."

म्हणजे त्या पाणी भरायला जातात तेव्हा पिन आधीच काढलेली असते. मी खिडकीकडे पाहिलं. कूलर बंद होता. वायर नीट गुंडाळून कडीला अडकवलेली होती. आम्ही आल्यावर काकू खिडकीकडे गेल्या नव्हत्या. त्याआधीचं मला माहीत नाही, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही.

निघताना योगिता त्यांच्या पाया पडली. मी म्हटलं, "काकू, साहेबांचे आभार मानायचे होते. म्हणून आलो."

त्या हसल्या. "आभार मानाले इतला लांब कशाले? तठेच मानाना व्हतात, कूलरपाशी."

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात सगळ्यांच्या आधी पोहोचले. हॉलमध्ये कुणी नव्हतं. कूलरची वायर रफिकभाईंनी बदलली आहे, अर्थिंग केलं आहे, बोर्डही वेगळा दिला आहे. नानांनी आपली पाटी स्वतःच फाडली. मी खिडकीपाशी उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "साहेब, आमची मुलगी वाचवलीत. आभारी आहोत." स्वतःचा आवाज रिकाम्या हॉलमध्ये ऐकून थोडं संकोचल्यासारखं झालं.  

आता पाणी भरायची वेळ झाली की मी केबिनमधून उठते, पिन काढते आणि पाणी भरेपर्यंत तिथे उभी राहते. मागून मला काय म्हणतात हे मला माहीत आहे. म्हणोत.

या घटनेचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. दोघांचा दुजोराही नाही : आवाज योगिताने एकटीने ऐकला, थांबलेले कागद मी एकटीने पाहिले. प्रमाणक, म्हणजे खर्चाच्या पुराव्याचा कागद, जोडलेलं नसेल तर मी कोणतीही नोंद मंजूर करत नाही, पूर्ण नोकरीत केलेली नाही. ही एक केली आहे.